‘नोंद उपलब्ध नाही’: साताऱ्याच्या पठारावरून एक खुलं पत्र

प्रति,
सह्याद्रीच्या माथ्यावरच्या जमिनी, पवनचक्क्या आणि वीजवाहिन्या यांचे निर्णय घेणारे सर्व अधिकारी

महोदय, महोदया,
सप्रेम नमस्कार.

मागे एकदा मी माहिती मागणारा एक अर्ज केला होता. आमच्या पठारावरच्या जुन्या पवनचक्क्या काढून त्यांच्या जागी मोठ्या बसवणार, असं बोलणं गावात सुरू झालं होतं. अर्जात मी एकच प्रश्न विचारला: ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात डोंगराच्या या धारेवरून जाणाऱ्या शिकारी पक्ष्यांची पाहणी कोणी केली आहे का? दोन महिन्यांनी उत्तर आलं. एका ओळीचं. ‘सदर ठिकाणी शिकारी पक्ष्यांच्या स्थलांतराबाबत कोणतीही नोंद या कार्यालयात उपलब्ध नाही.’

कार्यालयाचं नाव मी लिहीत नाही. ज्यांनी सही केली त्यांच्यावर माझा राग नाही, त्यांनी खरं तेच लिहिलं. पण त्या ओळीचा अर्थ पुढच्या टेबलावर बदलतो. ‘नोंद नाही’चं ‘पक्षी नाहीत’ होतं, आणि मग त्यावर शिक्का बसतो. हे मला गप्प बसून मान्य करता येत नाही, कारण माझ्या कपाटात सोळा वह्या आहेत.

मी सातारा तालुक्यात भूगोल शिकवत होते. आता निवृत्त आहे. २००९च्या नोव्हेंबरमध्ये पठारावरच्या वस्तीतून चालत शाळेत येणारा सातवीतला एक मुलगा डब्याच्या फडक्यात काहीतरी गुंडाळून घेऊन आला. “मॅडम, हे कबुतर आहे का घार?” फडक्यात मेलेला पक्षी होता. पारव्याएवढा, पाटीसारखा करडा, पाय शेंदरी, आणि पंख उघडून पाहिले तर आतली बाजू पांढरीशुभ्र. वीजवाहिनीच्या खांबाखाली सापडला म्हणाला. तो कशानं मेला ते मी पाहिलेलं नाही, म्हणून त्याबद्दल काही सांगणार नाही. मला तर पक्ष्याचं नावही माहीत नव्हतं. पुण्यातल्या एका पक्षीमित्राला फोटो पाठवला, तेव्हा कळलं की तो अमूर ससाण्याचा नर होता.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात जगाचा नकाशा टांगला. सैबेरियाच्या आग्नेय टोकाला, अमूर नदीच्या खोऱ्यात हे ससाणे घरटी करतात. थंडी सुरू झाली की ईशान्य भारतात येतात, तिथून आपलं द्वीपकल्प ओलांडतात, अरबी समुद्रावरून सलग उडत आफ्रिकेचा किनारा गाठतात आणि थेट दक्षिण आफ्रिकेपर्यंत जातात. मुलांनी नकाशावर सुतळी लावून अंतर मोजलं. जाऊन-येऊन वीस हजार किलोमीटरच्या आसपास भरलं. पक्ष्याचं वजन दीडशे ग्रॅम. त्या मुलानं विचारलं, “मग आपल्या डोंगरावरून किती जातात?” मला उत्तर देता आलं नाही. त्या रविवारी आम्ही पाच जण वर जाऊन बसलो आणि दुरेघी वहीत पहिली ओळ लिहिली.

तेव्हापासून एक हंगाम चुकला, सासूबाईंच्या आजारपणात. बाकी प्रत्येक वर्षी ऑक्टोबरच्या सुरुवातीपासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत आठवड्यातले किमान दोन दिवस मी त्या धारेवर असते. शाळेत होते तेव्हा शनिवार दुपार आणि रविवार, आता जमेल तेव्हा. सोबत शाळेतली मुलं असतात. त्यातली काही आता बापे झाली आहेत, आपल्या पोरांना घेऊन येतात.

तुमच्यापैकी कितीजण या दिवसांत धारेवर बसले असतील मला माहीत नाही, म्हणून तिथे काय होतं ते सांगते. सकाळी आठपर्यंत दरी धुक्यानं भरलेली असते. गवत पिवळं पडायला लागलेलं, दवानं पायजमा गुडघ्यापर्यंत भिजतो. नऊच्या सुमारास कातळ तापायला लागतो आणि कड्यावरून गरम हवा वर चढते. पहिली जाग घारींना येते. त्या पंख न हलवता गोल गोल वर जायला लागल्या की आम्ही दुर्बिणी काढतो, कारण पाहुणे त्याच हवेवर चढतात. मध्य आशियातल्या गवताळ मुलखातून आलेले भोवत्या सड्यावरून अगदी खालून जातात, पंख जरासे वर उचललेले, गवताच्या टोकांना पोट लागेल की काय असं वाटावं इतके खालून. खरूची एका जागी हवेत थांबून पंख फडफडवत खालच्या टोळांवर नजर ठेवते. एखाद्या दिवशी स्टेप गरुड दिसतो, काळपट, रुंद पंखांचा. तो उबेच्या खांबावर चढत चढत ठिपक्याएवढा होतो आणि मग एकही झडप न मारता पुढच्या सोंडेकडे घसरत जातो. त्याला पाहिलं की मुलं बोलायची थांबतात.

आणि नोव्हेंबरच्या शेवटी शेवटी, वारा पूर्वेकडून स्थिर झाला की, अमूर ससाणे. ते एकेकटे येत नाहीत. आधी चतुर येतात, सोनेरी पंखांचे, शेकड्यांनी, तेही त्याच वाऱ्यावर आफ्रिकेकडे जात असावेत असं काही अभ्यासक मानतात. त्यांच्यामागे ससाणे. उडता उडता पायानं चतुर पकडायचा, पाय चोचीशी न्यायचा, खायचा, की लगेच दुसरा. काही वर्षी आम्हाला पूर्ण हंगामात मूठभरच दिसले. एका वर्षी मात्र एकाच दुपारी आमची मोजणी शंभराच्या पुढे गेली आणि वहीत रेघा मारणाऱ्या मुलीची पेन्सिल मोडली.

मी अतिशयोक्ती करणार नाही. हिमालयात धौलाधारच्या पायथ्याशी, धरमशाळेजवळ, २००१च्या शरदात एका अभ्यासकानं आठ हजारांहून अधिक स्टेप गरुड मोजले होते. आपल्या सह्याद्रीवर तसे लोंढे मी पाहिलेले नाहीत. इथे पक्षी विखरून जातात, एखाद्या सोंडेवर सकाळी, दुसऱ्या घाटावर दुपारी. म्हणूनच एका बाईच्या सोळा वह्या पुऱ्या पडत नाहीत. धारेवर ठिकठिकाणी, एकाच वेळी, बरीच वर्षं माणसं बसली तरच चित्र उभं राहील. ते काम एकट्यादुकट्याचं नाही, शासनाचं आहे.

आता माझ्या तक्रारी.

पहिली तक्रार कायद्याबद्दल. पर्यावरणीय मंजुरीची केंद्राची २००६ची जी अधिसूचना आहे, तिच्या यादीत पवनऊर्जा प्रकल्प नाहीत. २०१६पासून प्रदूषणाच्या वर्गवारीतही पवनऊर्जा ‘पांढऱ्या’ गटात आहे, म्हणजे सर्वांत निरुपद्रवी. धूर नाही, सांडपाणी नाही, हे मला पटतं. पण त्यामुळे असं झालं आहे की धरणासाठी, खाणीसाठी जो अभ्यास अनिवार्य आहे, तो डोंगराच्या धारेवर शंभर मीटर उंचीची फिरती पाती उभारताना करावाच लागत नाही. त्या पात्याचं टोक ताशी दोनशे किलोमीटरपेक्षा जास्त वेगानं फिरतं. खालच्या गवतात नजर खिळवून घिरट्या घालणाऱ्या गरुडाला ते दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. कंपनीला ज्या वाऱ्यासाठी ही जागा हवी असते, त्याच वाऱ्यासाठी पक्ष्यालाही हवी असते. हा योगायोग नाही, हा भूगोल आहे, आणि मी तो तीस वर्षं फळ्यावर शिकवला.

दुसरी, वेळेची. आमच्या पठारावर एकदा पाहणीचं पथक आलं होतं. मी आनंदानं त्यांना भेटायला गेले. ते मे महिन्यात आले होते, दोन दिवसांसाठी. मे महिन्यात हे शरदातलं स्थलांतर दिसत नाही. मी त्यांना तसं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, चहा प्यायले आणि गेले. दिवाळीनंतर या, असा निरोप मी दोनदा पाठवला. कोणी आलं नाही.

तिसऱ्या तक्रारीवर मी जरा थांबणार आहे. ‘नोंद नाही’ हे पूर्ण खरंही नाही. याच साताऱ्यात, चाळकेवाडीच्या पठारावर, बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या मारिया ठाकर आणि त्यांचे सहकारी अमोद झांबरे व हर्षल भोसले यांनी अभ्यास केला आणि २०१८मध्ये तो जगातल्या एका नामवंत विज्ञानपत्रिकेत छापून आला. पवनचक्क्या नसलेल्या भागाच्या तुलनेत त्या असलेल्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपटीनं कमी आढळले. पक्षी कमी झाल्यामुळे तिथल्या सरड्यांची संख्या वाढली, आणि नुसती वाढली नाही, तर त्यांचं वागणंही बदललं. माणूस जवळ गेला तरी ते लवकर पळेनात, अंगानं हडकले, त्यांच्या रक्तातलं भीतीचं द्रव्य कमी झालं. वरचा शिकारी गेला तर खालचं सगळं कसं हलतं, हे जगाला आपल्या पठारानं दाखवलं. तो सरडा गळ्याखालची निळी-काळी-शेंदरी पिशवी फुगवून मादीला बोलावतो, मुलं त्याला ओळखतात. त्याच्या गटाला (जीनस) शास्त्रज्ञांनी २०१६मध्ये ‘सरडा’ हेच नाव दिलं, आपला मराठी शब्द उचलून. हा अभ्यास स्थलांतराचा नव्हता, हे मी जाणते. पण पठारावरच्या शिकारी पक्ष्यांबद्दल एवढा ठोस कागद हाताशी असताना जिल्ह्यातल्या एकाही बैठकीत मला त्याचा उल्लेख ऐकू आलेला नाही. मी स्वतः त्याची प्रत दोन ठिकाणी दिली. पोच मिळाली.

चौथी गोष्ट माझ्या वह्यांची. त्या मी एका बैठकीत घेऊन गेले होते. ‘या अधिकृत नाहीत’ असं सांगून परत दिल्या. बरोबर आहे, माझ्याकडे पदवी भूगोलाची आहे, पक्षिशास्त्राची नाही. पण त्यांतल्या प्रत्येक पानावर तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा, ढग किती, मोजणारे किती हे लिहिलेलं आहे. जो पक्षी ओळखता आला नाही तो ‘अनोळखी’ म्हणून लिहिला आहे. असे अनोळखी पुष्कळ आहेत, आणि ते तसेच ठेवले आहेत. तपासून पाहून नाकारल्या असत्या तर मी मान खाली घातली असती. त्या उघडल्याच गेल्या नाहीत.

नुसतं बसून मोजण्यानं काय होतं, असं मला त्या बैठकीत विचारलं गेलं होतं. तेव्हा नीट सांगता आलं नाही, ते आता सांगते. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियामध्ये किटाटिनी नावाची लांबलचक डोंगररांग आहे. तिच्या एका माथ्यावर लोक शरदात जाऊन येणाऱ्या शिकारी पक्ष्यांना गंमत म्हणून गोळ्या घालायचे. १९३४मध्ये रोझली एज नावाच्या बाईंनी तो डोंगरच भाड्यानं घेतला आणि मॉरिस ब्राउन व त्यांच्या पत्नी अर्मा यांना तिथे राखणीला ठेवलं. गोळीबार थांबला, आणि त्याच शरदात ब्राउन यांनी मोजायला सुरुवात केली. महायुद्धातला खंड सोडला तर तिथे आजही मोजणी चालते. तिचा उपयोग वीस-पंचवीस वर्षांनी दिसला. १९३५ ते १९३९मध्ये तिथून जाणाऱ्या पांढऱ्या डोक्याच्या गरुडांमध्ये चाळीस टक्के पिल्लं होती, १९५५ ते १९५९मध्ये ती वीस टक्क्यांवर आली. म्हातारे गरुड दिसत होते, पिल्लं येत नव्हती. डीडीटी या कीटकनाशकाबद्दल लिहिताना १९६२मध्ये अमेरिकी लेखिका रेचल कार्सन यांनी हेच आकडे पुढे ठेवले. डीडीटीचा अभ्यास करायचा म्हणून कोणी १९३४मध्ये डोंगरावर बसलं नव्हतं. ते फक्त बसले होते आणि रोज लिहीत होते.

आणि आपल्याच देशातलं उदाहरण. २०१२मध्ये नागालँडच्या वोखा जिल्ह्यात, दोयांग जलाशयावर, हेच अमूर ससाणे मासे धरायच्या जाळ्यांत लाखाच्या वर मारले गेल्याचा अंदाज आला. पुढच्याच वर्षी पांगती आणि आसपासच्या गावांनी, ग्रामपरिषदांनी, चर्चनं, वनखात्यानं मिळून शिकार पूर्ण थांबवली. २०१३च्या नोव्हेंबरमध्ये तिथे तीन ससाण्यांना उपग्रहाचे टॅग लावले गेले. त्यांची नावं नागा, वोखा आणि पांगती. ते द्वीपकल्प ओलांडून अरबी समुद्रावर गेले. नागालँडच्या गावांनी आपली मिळकत सोडून जे पक्षी जगवले, ते काही दिवसांत आपल्या आभाळात येतात. त्या गावांना आपण काय उत्तर देणार आहोत?

पवनचक्क्या नकोत असं मी म्हणत नाही. पहिल्या चक्क्या उभ्या राहिल्या तेव्हा मीच मुलांची सहल नेली होती आणि खाली उभं राहून ऊर्जेचा धडा शिकवला होता. त्यांच्यामुळे वर रस्ता आला, काही घरांना पगार आला. कोळसा जाळण्यापेक्षा वारा बरा, हे मी आजही शिकवीन. माझं म्हणणं जागेबद्दल आणि वेळेबद्दल आहे. केंद्राचं २०२३चं धोरण दोन मेगावॉटपेक्षा लहान चक्क्या बदलून मोठ्या बसवायला प्रोत्साहन देतं. म्हणजे वीस-पंचवीस वर्षांत एकदाच येणारी संधी आता आली आहे. चुकीच्या जागी बसलेली चक्की हलवायची असेल तर ती आत्ताच हलेल. नवी बसली की पुढची पंचवीस वर्षं तिथेच राहील.

म्हणून माझ्या मागण्या, स्पष्ट शब्दांत.

साताऱ्यापासून कोयनेच्या खोऱ्याकडे उतरणाऱ्या पठारांवर नवी किंवा बदलून बसवायची कोणतीही चक्की मंजूर करण्याआधी सलग दोन हंगाम, १ ऑक्टोबर ते १५ डिसेंबर, ठरलेल्या जागांवरून शिकारी पक्ष्यांची मोजणी करा. ती कंपनीच्या पैशानं झाली तरी चालेल, पण कंपनीच्या माणसांनी नको. आकडे सगळ्यांना पाहता येतील असे ठेवा.

कड्याच्या तोंडाशी, जिथे हवा चढते, तिथे चक्की नको. मागे सरका. किती मागे, ते मोजणीवरून ठरवा.

ज्या चक्क्या आहेत त्या पक्षी जवळ आला की थोडा वेळ थांबवण्याची सोय करा. स्पेनच्या दक्षिण टोकाला, तारिफाजवळच्या तेरा प्रकल्पांवर हे करून पाहिलं आहे. धारेवर निरीक्षक बसवले, गिधाड पात्याच्या वाटेवर आलं की फोन करून ती चक्की थांबवली. २०१२मध्ये छापलेल्या निष्कर्षानुसार गिधाडांचे मृत्यू निम्म्यावर आले आणि विजेचं वार्षिक नुकसान ०.०७ टक्के झालं. नॉर्वेतल्या स्म्योला बेटावर तीनपैकी एक पातं काळं रंगवल्यावर पक्ष्यांचे मृत्यू सत्तर टक्क्यांहून जास्त घटले. प्रयोग चारच चक्क्यांवरचा होता, म्हणून इथे आधी करून पाहावा लागेल. रंगाचा खर्च तो किती! आणि निरीक्षक बाहेरून आणायची गरज नाही. वाडीवस्तीवरची तरुण मुलं आहेत, त्यांना शिकवा, हंगामाचा पगार द्या.

प्रत्येक चक्कीच्या आणि वीजखांबाच्या खाली मेलेला पक्षी सापडला तर त्याची नोंद ठेवणं बंधनकारक करा. आज एखादा रखवालदार तो उचलून झुडपात टाकतो, कारण त्याला दुसरं काही सांगितलेलंच नाही. माथ्यावरच्या वीजवाहिन्यांच्या खांबांवर, जिथे गरुड बसतात, तिथे तारांना आवरण घाला.

भारतानं शिकारी पक्ष्यांच्या स्थलांतराबाबतच्या आंतरराष्ट्रीय सामंजस्य करारावर २०१६मध्ये सही केली आहे. २०२०मध्ये गांधीनगरला स्थलांतरित प्रजातींची जागतिक परिषद आपणच भरवली. त्या सहीचा जिल्ह्याच्या पातळीवर काय अर्थ होतो, कोणतं कार्यालय ते काम पाहतं, हे लेखी कळवा. मी तीन ठिकाणी विचारलं, तिन्ही ठिकाणांनी एकमेकांकडे बोट दाखवलं.

आणि शेवटची मागणी, माझी स्वतःची. त्या वह्या एकदा जाणकाराकडून तपासून घ्या. त्यात चुका निघाल्या तर मला सांगा, मी दुरुस्त करीन. चालण्याजोग्या असतील तर त्यांच्या झेरॉक्स काढून तुमच्या कार्यालयात ठेवा. म्हणजे पुढच्या वेळी कोणी अर्ज केला तर तुम्हाला ती एक ओळ लिहावी लागणार नाही.

येत्या ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आम्ही नेहमीच्या कातळावर असू. तुम्ही जरूर या. सकाळी साडेआठच्या आधी येऊ नका, धुक्यात काही दिसत नाही. टोपी आणा, वर सावली नाही. दुर्बीण नसली तरी चालेल, आमच्याकडे तीन आहेत. भाकरी आणि ठेचा वस्तीवरून येतो. ज्या मुलानं फडक्यात ससाणा आणला होता तो आता रिक्षा चालवतो, रविवारी सुट्टी काढतो. पहिला भोवत्या बहुतेक त्यालाच दिसतो, तो तुम्हाला दाखवेल.

आपली,
एक निवृत्त भूगोल शिक्षिका
तालुका सातारा